बाबा, पुतळा आणि रोजचा हार

आमच्या बदलापुरात रस्ते अरुंद आणि चौक मोठे आहेत. चौक मोठे कशासाठी, तर त्यात काहीतरी उभारता यावं म्हणून. एका चौकात कारंजं आहे, त्याला पाणी नाही. पाणी आमच्याच नळाला दिवसाआड येतं, कारंज्याला कुठलं यायला! दुसऱ्या चौकात सिमेंटची कमळं आहेत, त्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेत. आणि आमच्या घराजवळच्या चौकात गेल्या वर्षापासून माजी सैनिकांचं स्मारक आहे.

ते उभारलं आमच्या माजी नगरसेवकांच्या प्रतिष्ठानाने. या गृहस्थांना सैनिकांचा एवढा पुळका एकाएकी कुठून आला, ते विचारायचं नाही. त्याआधी त्यांना ज्येष्ठ नागरिकांचा पुळका होता, त्याआधी झाडांचा. झाडं मेली. ज्येष्ठ नागरिकांना वाटलेल्या छत्र्यांवर ह्यांचं हसरं तोंड छापलेलं होतं, छत्री उघडली की डोक्यावर हेच. आता पाळी सैनिकांची.

माझे बाबा माजी सैनिक. फौजेत ट्रक चालवायचे. बर्फात, वाळूत, जिथे पाठवतील तिथे दाणागोटा, रॉकेल, दारूगोळा पोचवायचा हे त्यांचं काम. परत आले ते अंबरनाथला एका कारखान्यात सिक्युरिटीत लागले. आम्ही बुवापाड्यात राहायचो, मग बदलापूरला फ्लॅट घेतला. मी लग्नानंतर समोरच्याच बिल्डिंगमध्ये आले, आणि उल्हासनगरला बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची नोकरी, त्यामुळे घरी मी कुणाचं ऐकून घेत नाही, असं माझी आई म्हणते. आई जांभूळ गावची. ती कुठेच कुणाचं ऐकून घेत नाही.

उद्घाटनाला आम्ही तिघं गेलो. कार्यक्रम म्हणजे एक ठार कंटाळा. माजी सैनिकांना बोलावून मांडवाबाहेर उन्हात बसवलं होतं आणि मांडवात पंख्याखाली कोण, तर केबलवाले, बिल्डर आणि त्यांच्या बायका. सूत्रसंचालक गळा काढून सांगत होता, की सीमेवर आपले जवान ऊन-पावसाची पर्वा करत नाहीत. समोर उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याने एक ग्लास पाणी विचारलं असतं तर मी त्याचा गळा ऐकून घेतला असता. बाबा मात्र ताठ. इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, गुळगुळीत दाढी. आमच्या बाबांनी आयुष्यात एक दिवस दाढी चुकवली नाही. तापातसुद्धा उठून करणार.

मग शाल-नारळाचा कार्यक्रम झाला. शाल इतकी पातळ की नारळ पुसायलाही पुरली नसती. मग माजी नगरसेवकांनी, म्हणजे अख्ख्या गावाच्या साहेबांनी, बटण दाबलं आणि पडदा सरकला. पुतळ्याला माझ्या बाबांचा चेहरा होता.

म्हणजे आताचे बाबा नव्हेत, तरुणपणीचे. पण तेच पुढे आलेलं कपाळ, तेच किंचित वाकडं नाक, आणि हनुवटीवरची ती खळगीसुद्धा. चेहरा बाबांचा, पण त्याखालचं धड भलतंच. फौजेतला माणूस असा उभा राहतो? कमरेत एका बाजूला कलंडलेला, एक गुडघा पुढे, एक हात कंबरेवर. दुसऱ्या हातात बंदूक दिली होती, ती त्याने छत्री धरावी तशी धरलेली. उल्हासनगरच्या बाजारात सुटाबुटाच्या दुकानांबाहेर प्लास्टिकचे पुतळे उभे करतात ना, सेम टू सेम तसा. वरून तपकिरी-सोनेरी रंग फासला, झाला जवान. खाली पाटी. पाटीवर साहेबांचं नाव ठळक, आणि त्याखाली ‘वीर जवान अमर रहे’.

“बाबा, हे तुम्ही आहात,” मी म्हटलं.

“छे, असेल कोणीतरी. फौजेत सगळे एकसारखेच दिसतात,” बाबा म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले.

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पुतळ्याकडे बघत होती, कारण साहेब शिडीवर चढून पुतळ्याच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार घालत होते आणि पोरं खालून ओरडत होती, “अमर रहे, अमर रहे!”

“मेल्यांनो, अमर रहे कुणाला म्हणतात?” आई मोठ्यांदा म्हणाली. लाउडस्पीकर होता म्हणून बरं, कुणाला ऐकू गेलं नाही.

आता हे ज्याला कळत नाही त्याला मी काय समजावू. आपल्याकडे जिवंत माणसाच्या गळ्यात हार घालतात, तो मान. पण जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही. भिंतीवरच्या फोटोला हार दिसला की आपण आपोआप आवाज खाली आणून विचारतो, कधी गेले हो? ‘झिंदाबाद’ जिवंताला आणि ‘अमर रहे’ मेलेल्याला, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. साहेबांना नाही कळलं. त्यांना फक्त फुलांचा हार कळतो, आणि तो घालताना कॅमेरा कुठे आहे ते कळतं. शिवाय त्यांनी जाहीर केलं, की प्रतिष्ठानातर्फे रोज ताजा हार चढवला जाईल. चौकातल्या फुलवाल्याला तसं सांगूनही ठेवलं. या गावात रोज कचरा उचलायला कुणी येत नाही, पण हा हार एक दिवस चुकला नाही.

तेवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्याच महिन्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल आणि उशीर करू नका. मी रजा टाकली, ठाण्याच्या हॉस्पिटलची चौकशी केली, सगळं ठरवलं. आणि आई म्हणाली, “नाही.”

“नाही म्हणजे?”

“रोज सकाळी दूध आणायला जाते तेव्हा ह्यांच्या तोंडाखाली हार असतो. अख्खं गाव ह्यांना अमर रहे म्हणून पुढे जातं. असल्या वेळी मी ह्यांना टेबलावर झोपवू? छाती उघडायला देऊ? तो हार बंद कर, मग ने कुठे न्यायचं ते.”

मी काय नाही केलं! समजावलं, ओरडले, रडले. डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. त्यांच्याशी ती अगदी गोड बोलली, हो डॉक्टर, बरं डॉक्टर, आणि फोन ठेवून म्हणाली, “त्याला काय जातंय, त्याच्या बापाचा पुतळा नाही चौकात.” बाबांना सांगितलं, तुम्ही तरी काहीतरी बोला. तर ते पेपर वर करून म्हणाले, “तिला दुखवून मी कुठे जाणार नाही. बघू, सावकाश.” सावकाश! हृदयाच्या तीन नळ्या बंद आणि हा माणूस सावकाश. माझी तर कपाळावर हात मारायची वेळ आली.

आणि मग एका सकाळी रिक्षा चौकाच्या अलीकडेच अडकली. पुढे रस्त्यावर सतरंजी टाकून माणसं बसलेली, भोंगा चालू, पोलिसांची गाडी आडवी. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, उतरके चलके जाओ. पुतळ्याची विटंबना झालीय.”

“काय केलं कुणी?”

“रोज हार गायब होतोय. कोणतरी काढून फेकतोय. साहेब बोलले, देशद्रोही हैं.”

भोंग्यावर साहेब तेच सांगत होते. समाजकंटक. अंधाराचा फायदा घेऊन. शहिदांचा अपमान. हा विशिष्ट लोकांचा कट आहे. चोवीस तासांत पकडा, नाहीतर बदलापूर बंद. हे सगळं हाराबद्दल. गेल्या पावसाळ्यात उघड्या गटारात एक म्हातारी पडून हात मोडून बसली तेव्हा हा भोंगा कुठे होता, कोण जाणे.

पण मला त्या साहेबांवर चिडायलाही वेळ नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मी तशीच उलटी फिरले आणि आईकडे गेले. ती बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. शेजारी भिंतीला आकडी टेकवलेली. आकडी म्हणजे पुढे तारेचा हुक बांधलेली लांब काठी. आमच्याकडच्या निम्म्या बायका पहाटे असली काठी घेऊन फिरायला जातात आणि दुसऱ्यांच्या कंपाउंडमधली जास्वंद आणि कण्हेर देवासाठी ओढून आणतात. देवाला चोरीची फुलं चालतात, त्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते.

“आई, तो हार तू काढतेस?”

“मग कोण काढणार? तुझा साहेब?”

“अगं, पोलीस आलेत तिकडे! तुला देशद्रोही म्हणतायत!”

“म्हणू देत. मी हार फेकत नाही हो, निर्माल्याच्या कलशात टाकते नीट. फुलांचा अपमान नाही करत मी.” आणि मेथीची जुडी सोडत म्हणाली, “पण मी काढते आणि तो मेला फुलवाला तासाभरात नवा घालतो. माझा काही उपयोग नाही. तूच बघ आता.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण चोर पकडायला चौकात आता कॅमेरा बसणार होता, आणि कॅमेऱ्यात दिसणार होती सत्तरी ओलांडलेली माझी आई, आकडीने शहिदाचा हार ओढताना. असल्या गोष्टींवरून या गावात काय काय होतं ते मी पाहिलंय. आणि बाबांचं ऑपरेशन तिथेच लटकलेलं.

मग मी साहेबांच्या ऑफिसात गेले. तिथे बसायला सोफा, समोर साहेबांचे फोटो, फोटोंत पुन्हा साहेबच. मी खरं काय ते सांगितलं. पुतळ्याला माझ्या वडिलांचा चेहरा आहे, ते जिवंत आहेत, आईला हार सहन होत नाही, हार थांबवा. आईने तो काढला हे तेवढं सांगितलं नाही.

साहेबांनी मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाले, “ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण आता हार थांबवला तर लोक म्हणतील समाजकंटकांना घाबरले. एवढा रास्ता रोको केला आपण.”

“माझ्या वडिलांचं ऑपरेशन अडलंय!”

“त्यांना आमच्या शुभेच्छा सांगा ना. ऑपरेशनच्या दिवशी आपण चौकात महाआरती ठेवू.”

“महाआरती! पुतळ्याची?” माझा आवाज इतका चढला की बाहेरची पोरं आत डोकावली. “जिवंत माणसाला उन्हात बसवता आणि प्लास्टिकच्या माणसाची आरती करता, जरा लाज वाटू द्या!”

हे त्यांना ऐकायची सवय नव्हती. पण मी बँकेतली, आणि त्यांच्या अर्ध्या माणसांची खाती आमच्या शाखेत. शेवटी त्यांनी तोंड वाकडं करून तोडगा काढला. हार राहील, चेहरा बदलतो. पूर्ण चेहरा बदलायला पुतळा उतरवावा लागेल, ते जमणार नाही. पण मिशी लावू. “फौजी म्हटलं की मिशी पाहिजेच होती. कारागिराने खाल्ली. तुम्हीच जाऊन सांगा त्याला, उल्हासनगरलाच आहे.” माझ्या बाबांच्या ओठावर आयुष्यात मिशी नव्हती. मिशी लागली की तो कुणी दुसराच माणूस झाला असता. मी आईला विचारलं. ती विचार करून म्हणाली, “चांगली जाड लावायला सांग.”

कारागिराचा कारखाना शहाडच्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. माझा अंदाज अगदी खरा ठरला. आत नुसते कपड्यांच्या दुकानांचे पुतळे. बायका, पुरुष, बिनडोक्याची पोरं, भिंतीला टांगलेले हात. आमचा जवान याच साच्यातून निघालेला. तो माणूस मात्र सरळ होता. मी वडिलांचं आणि मिशीचं सांगितलं, तर म्हणाला, होऊन जाईल, फायबरची करून चिकटवू, एका दिवसाचं काम. आणि मग विचारलं, “लेकिन अंकल को पूछा आपने? उनको बुरा नहीं लगेगा?”

“कौन अंकल?”

“अरे, जो बैठे थे यहां. आपके फादर ना? नेताजी का आदमी बोला कोई भी चेहरा लगा दो. फिर अंकल खुद आए. जवानी का फोटो लाए थे, पर फोटो से नाक नहीं आ रही थी बराबर. तो बोले, मैं बैठता हूं. यहीं स्टूल पे बैठे. चाय भी नहीं पी, बोले मुंह हिलेगा.”

मी त्या स्टुलाकडे बघत राहिले. आजूबाजूला नकली माणसं, मधे माझे बाबा, ताठ, न हलता. बदलापुरातून आम्हाला न सांगता आलेले. आम्हाला ते डोळ्यांच्या तपासणीला जातो म्हणून सांगत असणार.

घरी गेले. आई खाली वाणसामान आणायला गेली होती. मी बाबांना सरळ विचारलं.

बाबांनी पेपराची घडी घातली. “तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

मी काय म्हणाले असते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“तिथे सैनिकांचं स्मारक करतायत म्हटल्यावर मी गेलो,” ते म्हणाले. “सोसायटीत झेंडावंदन असतं. बिल्डर झेंडा फडकवतो आणि मला दोरीची गाठ बघायला बोलावतात. एवढी वर्षं नोकरी केली. बर्फात गाडी चालवली, पुढची गाडी दरीत गेलेली पाहिली. पण मी धडधाकट परत आलो ना. जो परत येतो त्याला कोण विचारतं? म्हटलं, बघावं तरी कसं वाटतं.”

“आणि कसं वाटतं?”

“संध्याकाळी मी समोर चहाच्या टपरीवर उभा राहतो. कुणी ओळखलं नाही अजून.” मग म्हणाले, “पण वाटतं बरं.”

मला त्यांचा राग आला, खरंच आला. त्या कंबर वाकवून उभ्या प्लास्टिकच्या ध्यानासाठी, त्या सोंगासाठी? ते साहेब, तो भोंगा, ती पातळ शाल, हे सगळं कळत असून? आणि त्याच क्षणी मला इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

मिशीचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेपर पुन्हा उघडला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “लावा. तुझी आई त्याशिवाय मला सोडायची नाही. आणि ते ऑपरेशन तर करायलाच हवं.”

मिशी लागली. जाड, टोकं वर वळवलेली. आई जाऊन, डोळे बारीक करून, सगळ्या बाजूंनी बघून आली. “हा कुणी परका आहे,” ती म्हणाली, आणि बाबांची बॅग भरायला लागली. साहेबांनी मात्र मिशीचंही उद्घाटन केलं. मिशीचं! फेसबुकवर टाकलं, स्मारकाचं सुशोभीकरण पूर्ण.

ऑपरेशन नीट झालं. बाबा आयसीयूतून बाहेर आले, वॉर्डात आले. हातात सुया, छातीवर मधोमध टाके, हात वर करायचा नाही. दाढी करायला वॉर्डबॉय यायचा. बाबा त्याला खुणेने काहीतरी सांगायचे आणि तो हसून जायचा. मला वाटलं त्यांना दुखतंय, म्हणून तो ओठाची बाजू सोडतोय. घरी येईपर्यंत त्यांच्या ओठावर पांढरी मिशी चांगली दिसायला लागली होती. मी कामाच्या गडबडीत होते. आईच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आलं असणार. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी मी सकाळी त्यांच्याकडे गेले. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले, मांडीवर नॅपकिन, हातात छोटा आरसा. मी दाढीचं सामान उचललं आणि म्हटलं, “चला, ही मिशी काढून टाकू आधी. कसे दिसताय!”

बाबांनी आरसा खाली केला. लहान आवाजात म्हणाले, “राहू दे ना ती.” आणि मग माझ्याकडे नाही, आईकडे बघत विचारलं, “दिसतो का गं मी त्याच्यासारखा?”

मला कळलं. आईला माझ्याआधीच कळलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. हिने त्या चेहऱ्यापायी घर डोक्यावर घेतलं होतं, आकडी घेऊन चौकात गेली होती, ऑपरेशन अडवलं होतं. त्या पुतळ्याच्या गळ्यात आजही सकाळी नवा हार पडला होता. दूध आणताना तिने तो बघितलाच असणार.

ती पुढे आली. बाबांची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच खडूस.

“नाही दिसत,” ती म्हणाली. “त्याची टोकं वर आहेत, तुमची खाली पडतायत.” आणि मला म्हणाली, “कात्री दे इकडे. आणि खोबरेल.”